शाल-श्रीफळाच्या आधी: हक्कांसाठी झटणाऱ्या गावच्या माणसाचा सत्कार कसा करावा

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका मंडळाने एका कातकरी कार्यकर्तीचा सत्कार ठेवला होता. कार्यक्रम चारचा. बाई साडेतीनलाच येऊन बसली, पहिल्या रांगेत अगदी कडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन. प्रमुख पाहुणे सव्वापाचला उगवले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांबरोबर गाडीतून आलेल्यांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार. साडेसहाला ती उठली, पिशवी काखेत मारली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, वस्तीची गाडी जाईल माझी. तुमचं चालू द्या."

मानपत्र मी लिहिलेलं. ते चौकटीत बसून टेबलावर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी एका पोराला मागे बसवून मोटरसायकलवरून तिच्या वाडीवर गेलो. ती म्हणाली, "वाच तरी काय लिवलंय." मी वाचलं. दीनदुबळ्यांची माउली, सेवेचा घेतलेला वसा, चंदनासारखं झिजणं, सगळं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाखल्यांचं नाय लिवलंस?"

नव्हतं लिहिलं. जातीच्या दाखल्यांसाठी ती तीन वर्षं तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढत होती. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांना ना जमीन ना शाळा, त्यांनी तो आणायचा कुठून? तिने शाळेची जुनी रजिस्टरं धुंडाळली, गृहचौकशीसाठी माणसं वाडीवर आणली आणि एकेक दाखला पदरात पाडून घेतला. तिचं काम ते होतं. चंदनाचा आणि तिचा काही संबंध नव्हता.

तेव्हापासून अशा कार्यक्रमाच्या तयारीची माझी पद्धत बदलली. ती इथे क्रमाने सांगतो. मंडळ, वाचनालय, महिला बचत गट, मुंबईकर ग्रामस्थ मंडळ, कोणालाही वापरता येईल.

पहिलं काम: नाव शोधणं

बहुतेक मंडळं बैठक घेतात, चहा होतो, कोणीतरी तीन नावं सुचवतं आणि ठरून जातं. ती नावं आधीच चार ठिकाणी सत्कार झालेल्यांची असतात. त्यांची लायकी नसते असं नाही, पण शाली ठेवायला त्यांच्या कपाटात जागा नसते.

लोकसेवा आणि हक्कांचं काम यांत फरक आहे, तो आधी समजून घ्या. वर्षानुवर्षं रुग्णांना जिल्ह्याच्या गावी पोचवणारा रिक्षावाला लोकसेवा करतो. त्याचा सत्कार करताना गावात कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. पण वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या दारात जाऊन बसणारा, रेशन दुकानाचा साठा माहितीच्या अधिकारात मागणारा, वनहक्काचे दावे भरून देणारा, नवऱ्याने मारलेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात रात्री अकरापर्यंत थांबणारी, यांच्या कामाला गावातच दुसरी बाजू असते. दोघांचाही मान करावा. तयारी मात्र वेगळी लागते, आणि पुढचं बरंचसं या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

नावं बैठकीत मिळत नाहीत, बाहेर मिळतात. तहसील कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे जा, अंगणवाडीताईंना भेटा, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला, मच्छीमार्केटात ओट्यावर बसणाऱ्या मावश्यांना विचारा. "समाजसेवक कोण आहे?" असं विचारलंत तर पुढाऱ्याचं नाव येईल. "तुमचं काम अडलं की कोणाकडे जाता?" असं विचारा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच नाव आलं की तुमचा माणूस सापडला.

एका कार्यक्रमात फार तर दोन सत्कारमूर्ती. एकवीस जणांना एका रांगेत उभं करून शाली घालायच्या, याला मी सत्कार म्हणत नाही.

एकट्याच्या नावामागे अनेकजण असतात, याचं भान इथपासूनच ठेवा. महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे, पण कसं? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पाण्याला मात्र कोणी हात लावू शकलं नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा (म्हणजे आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हाही परिषदेच्या मांडवासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, आणि मग डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले. परिषदेच्या तयारीत रामचंद्र बाबाजी मोरे होते, अनंतराव चित्रे होते, नगरपालिकेत सुरबानाना टिपणीस होते. तळ्यावरून सवर्णांनी लावलेल्या दाव्याचा कोर्टातला अखेरचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. त्या दहा वर्षांत ज्यांनी मार खाल्ला आणि ज्यांची कामं गेली, त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? आपल्या गावच्या सत्कारात निदान एवढं तरी करावं, की सोबतच्यांची नावं राहू नयेत.

दुसरं: विचारणं, आणि नकार ऐकून घेणं

पत्रिका छापून झाल्यावर "आम्ही तुमचा सत्कार ठेवलाय" असं फोनवर कळवणं हा अपमान आहे. दोघांनी घरी जावं, त्यांच्या सवडीने. मासेमारी करणाऱ्या घरी पहाटे किंवा बोट येण्याच्या वेळी जाऊ नये, आंब्याच्या दिवसांत बागायतदाराकडे दुपारची वेळ धरावी. पहिल्या भेटीत होकार मागू नका. "असं मनात आहे, तुम्ही विचार करा, आम्ही पुन्हा येतो" एवढंच.

दुसऱ्या भेटीत काही गोष्टी स्पष्ट विचारा. सत्कारामुळे कोणाचा रोष वाढेल का? चालू असलेल्या एखाद्या प्रकरणावर परिणाम होईल का? कोणाचं नाव घ्यायचं नाही? व्यासपीठावर कोणाच्या शेजारी बसायला संकोच वाटेल? घरच्यांचं काय म्हणणं आहे? हे शेवटचं सहसा कोणी विचारत नाही. कार्यकर्त्याच्या बायकोने तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा केलेला असतो, आणि स्टेजवर तिला फक्त हार धरायला बोलावतात.

वाळीत टाकण्याच्या प्रकरणात काम केलेल्या माणसाचा सत्कार असेल तर दुप्पट काळजी घ्या. कोकणात, विशेषतः रायगड-रत्नागिरीत, गावकीचा बहिष्कार ही ऐकीव गोष्ट नाही. पाणी बंद, किराणा बंद, मयताला माणूस नाही. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण कायदा आहे म्हणून ज्या कुटुंबाने सोसलं त्यांना स्टेजवर उभं करून त्यांची कहाणी माईकवरून सांगायची, हे चालणार नाही. त्यांची नावं, वाडी, आडनावाची खूण, काहीही त्यांच्या होकाराशिवाय मानपत्रात येता कामा नये. हिंसाचार सोसलेल्या बायांच्या बाबतीत तर होकार असला तरी मी नाव टाळतो. कार्यक्रम दोन तासांचा असतो, त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

नकार आला तर तो मानायचा. "अहो, घ्या हो, गावाची इच्छा आहे" असली गळ घालू नका. कोकण गांधी म्हणून ओळखले गेलेले आप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी सफाईचं काम मागितलं, ते सवर्ण म्हणून नाकारलं गेलं, तेव्हा १९३२ साली त्यांनी त्यासाठी उपोषण केलं. अशा घडणीची माणसं आजही वाड्या-वस्त्यांवर आहेत. शाल त्यांना टोचते. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग काढता येतो, तो पुढे सांगतो.

सत्कारमूर्ती सरकारी नोकर असेल, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, जिल्हा परिषदेचे शिक्षक, तर वर्तणूक नियमांमुळे सत्कार किंवा मानपत्र स्वीकारायला वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागू शकते. ती त्यांनी आधी घ्यावी. भेटवस्तू तर देऊच नका. तुमच्या प्रेमापोटी त्यांना नोटीस नको.

तिसरं: मुलाखत आणि कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. दोन बैठका, प्रत्येकी दीड तास. मोबाइलवर आवाज टिपायचा असेल तर विचारून टिपा.

"तुमच्या कार्याविषयी सांगा" असं विचारलं की माणूस गप्प होतो किंवा भाषण करतो. त्याऐवजी एक घटना धरा. पहिला अर्ज कोणता केला? कोणत्या साली? तो कोणी लिहून दिला? पोच मिळाली का? मग कोणी काय म्हणालं? त्या दिवशी घरी चूल पेटली होती का? असं विचारलं की माणूस आत जातो आणि पत्र्याची पेटी घेऊन येतो.

त्या पेटीसाठी तर आपण गेलेलो असतो. अर्जाच्या पोच, तहसीलदारांचे आदेश, माहिती अधिकारातली उत्तरं, वर्तमानपत्राची पिवळी कात्रणं, मोर्चाचे फोटो. एकेक कागद बघायचा, तारीख टिपायची, मोबाइलने स्वच्छ फोटो काढायचा आणि कागद जिथल्या तिथे परत ठेवायचा. मूळ कागद घरी नेऊ नका. मी एकदा नेला होता, पावसाळ्यात छपराला गळती लागली आणि एका आदेशाची शाई पसरली. त्यांनी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सांगितलेलं आणि कागदावरचं जुळतं का ते पाहा. आठवण साल चुकवते, त्यात खोटेपणा नसतो. ज्या दोघांना त्या कामाचा उपयोग झाला आणि जे नात्यातले नाहीत, त्यांना स्वतंत्रपणे विचारा. शक्य असेल तर समोरच्या बाजूच्या एखाद्या समंजस माणसालाही. त्यातून कधी कधी अडचणीची माहिती बाहेर येते. मोर्चा-रास्ता रोकोच्या केसेस असतील तर त्यात लाज नाही, चळवळीतल्या माणसावर त्या असतातच. पण पैशाच्या अफरातफरीची, बाईमाणसाशी वागण्याची तक्रार तीन ठिकाणांहून ऐकू आली तर तिथेच थांबा. पत्रिका छापलेली नसते, कोणाची अब्रू जात नाही. विचारून मग नाव ठरवायचं, त्याचा हा फायदा.

कुळकायद्याच्या, खोतीच्या लढ्यातल्या जुन्या माणसांची मुलाखत असेल तर घाई करा. अलिबाग तालुक्यात खोतांविरुद्ध चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९, सहा वर्षं चालला. संपाचे पुढारी नारायण नागू पाटलांचं नाव राहिलं, ते योग्यच. पण सहा वर्षं भात न लावता माणसं जगली कशी? लाकूडफाटा विकून, खाडीतली मासोळी-खेकडे धरून. हे तपशील ज्या म्हाताऱ्यांनी आपल्या आयांकडून ऐकले, तेही आता थोडे उरलेत.

चौथं: मानपत्र

छापखान्यात तयार मजकूर मिळतो, नाव तेवढं बदलतात. मी स्वतः पाहिलंय, एका बाईंच्या मानपत्रात "आपण क्रीडाक्षेत्रात" राहून गेलं होतं. त्या दारूबंदीसाठी लढल्या होत्या.

दीडशे ते दोनशे शब्द पुरतात, मोठ्याने वाचायला दोन मिनिटं. विशेषणं काढून टाका आणि क्रियापदं ठेवा. कोणी, केव्हा, कुठे, काय केलं, त्याने काय बदललं. उदाहरणादाखल आधीचा मसुदा असा:

"समाजातील उपेक्षितांच्या उद्धारासाठी आपण आपले संपूर्ण जीवन समर्पित केले असून आपल्या निःस्वार्थ सेवेचा सुगंध दशदिशांत दरवळत आहे."

आणि बदलून असा:

"वाडीतल्या मुलांना दाखल्याअभावी शाळेच्या सवलती मिळत नव्हत्या. आपण घरोघर जाऊन म्हाताऱ्यांकडून नावं विचारलीत, शेजारच्या गावच्या शाळेतली जुनी रजिस्टरं उघडायला लावलीत. अर्ज परत आले तेव्हा ते दुरुस्त करून पुन्हा नेलेत. रोजावर न गेल्याने त्या दिवसांची मजुरी बुडाली, त्याचा हिशेब आपण कधी मांडला नाहीत. आज वाडीतल्या मुलांच्या हातात दाखले आहेत. या कामात आपल्यासोबत चालणाऱ्या बायांचाही हा मान आहे."

दुसरा मसुदा दुसऱ्या कोणालाही लावता येत नाही. मानपत्राची तीच कसोटी: नाव झाकलं तरी गावाने माणूस ओळखला पाहिजे.

नावाचं शुद्धलेखन त्यांच्याकडून लिहून घ्या. आधारकार्डावर एक आडनाव असतं, गावात दुसऱ्याच नावाने ओळखतात, बायांच्या बाबतीत माहेरचं नाव त्यांना हवं असतं. विचारल्याशिवाय "सौ." किंवा "गं. भा." लावू नका. छपाईआधी मजकूर त्यांना वाचून दाखवा. "यातलं हे काढा" म्हणाले तर काढा, वाद घालू नका. एखादं वाक्य आगरीत, मालवणीत किंवा त्यांच्या घरच्या बोलीत, त्यांच्याच तोंडचं, तसंच ठेवलं तर वाचताना मांडव हलतो.

चौकटीचं म्हणाल तर काचेमागच्या कागदाला आपल्याकडे दोन पावसाळ्यांत बुरशी येते. एक प्रत चौकटीत, एक लॅमिनेट करून आणि एक साधी, अर्जांना जोडायला. ही साधी प्रत पुढे फार उपयोगी पडते.

पाचवं: तारीख आणि जागा

पावसाळा सोडा. मुंबईकर गावी असतात म्हणून गणपतीत कार्यक्रम ठेवायचा मोह होतो, पण तेव्हा प्रत्येक घरी पाहुणे आणि आरत्या. शिमग्यात पालखी नाचते, तिच्यापुढे तुमचा सत्कार कोण बघणार? मे महिन्यात चाकरमानी निवांत असतात, पण उकाडा आणि लग्नसराई. माझ्या मते नोव्हेंबरअखेर ते जानेवारी उत्तम: भातकापणी उरकलेली, आंब्याची धांदल पुढे. किनाऱ्यावरच्या गावात बोटींच्या फेऱ्यांचा अंदाज कोळी समाजाच्या माणसाकडून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा माणसं मोकळी असतात खरी, पण सभागृह पक्कं हवं आणि वीज राहील याची खात्री कोणी द्यायची!

कामाशी नातं सांगणारा दिवस साधला तर अर्धं प्रास्ताविक वाचतं. २६ नोव्हेंबर संविधान दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन, २० मार्च महाडचा. आपल्या भागाचे दिवस शोधा: उरणकडे २५ सप्टेंबर, १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहाचा, चरीकडे २७ ऑक्टोबर, तिथल्या संपाचा, जासईकडे १६ जानेवारी, १९८४ च्या जमीन आंदोलनाच्या हुतात्म्यांचा. मात्र त्या दिवशी त्यांचा मोठा कार्यक्रम असेल तर आपला त्यात घुसवू नये. रमजान, शुक्रवारची नमाज, ख्रिस्ती वस्ती असेल तर रविवारची सकाळ, ग्रामदेवतेची जत्रा, सगळं कॅलेंडरवर मांडून मग तारीख ठरवा. निवडणूक जवळ असेल तर पुढे ढकला. आचारसंहितेत परवानग्या अडतातच, आणि सत्कारमूर्तीवर उगाच पक्षाचा शिक्का बसतो.

जागा हा नाजूक विषय. गावात मोठं सभागृह म्हणजे बहुधा देवळाचं. ते फुकट मिळतं, पण बौद्धवाडीतली, मोहल्ल्यातली, आदिवासीवाडीतली माणसं तिथे मोकळेपणाने येतील का? ज्याचा सत्कार पाणवठ्याच्या किंवा बहिष्काराच्या लढ्यासाठी, त्याला त्याच सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी बसते त्या ओट्यावर, उभं करायचं? काहींना वाटेल, हाच तर विजय. त्यांना तसं वाटत असेल तर जरूर करा, पण ठरवू त्यांना द्या. मी शाळेचं पटांगण पसंत करतो. नाहीतर सरळ त्यांच्या वाडीत. पाहुण्यांना पाखाडी चढायला लागली तर बिघडत नाही.

विधींचंही विचारून घ्या. नारळ, ओवाळणं, दीपप्रज्वलन हे सगळ्यांना चालतंच असं नाही. ओवाळण्यासाठी सुवासिनींना पुढे बोलावून विधवा कार्यकर्तीला मागे बसवलेलं मी पाहिलंय, आणि सत्कार तिचाच होता. सुरुवातीला संविधानाची उद्देशिका सर्वांनी उभं राहून वाचावी. कोणाला अडचण येत नाही.

सहावं: परवानग्या आणि पैसे

थोडक्यात सांगतो. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आठ-दहा दिवस आधी. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. शाळेचं आवार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र, ग्रामपंचायतीची जागा असेल तर पंचायतीचं. विषय कोणाच्या अंगाला लागणारा असेल तर पोलीस ठाण्यात तोंडीही कल्पना द्या.

वर्गणी जाहीरपणे गोळा करायची आणि संस्था नोंदणीकृत नसेल, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. पावतीपुस्तक, एक खजिनदार, आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांत हिशेब वाचनालयाच्या फळ्यावर. मोठा देणगीदार "फक्त बॅनरवर आमचा फोटो" म्हणतो. सत्कारमूर्तीचा लढा ज्या धंद्याविरुद्ध आहे, त्याच धंद्याचा पैसा नको, मग तो चिऱ्याच्या खाणीचा असो की वाळूचा. हे तपासायला विसरलो तर सत्कारमूर्ती व्यासपीठावरूनच सांगतात. एका गावात असं झालं, आणि टाळ्या त्यांनाच पडल्या.

खर्चात सर्वात आधी सत्कारमूर्ती आणि त्यांच्या साथीदारांचं येण्या-जाण्याचं भाडं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी धरा. बंद पाकिटात, कार्यक्रमाच्या आधी, गाजावाजा न करता.

सातवं: त्या दिवशी

शेवटची एसटी किती वाजता, हे समितीतल्या प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे. त्यावरून मागे मोजत या. गाडी साडेसहाची असेल तर कार्यक्रम चारला सुरू, साडेपाचला संपलेला. तरीही परतीसाठी एक रिक्षा सांगून ठेवा.

सुरुवात सत्कारापासून करा. हे ऐकून मंडळी दचकतात. उद्देशिका, पाच मिनिटांचं प्रास्ताविक, लगेच मानपत्र वाचन आणि सत्कार. मग सत्कारमूर्तीचं मनोगत, मग कामाचा उपयोग झालेल्या दोघा-तिघांचं प्रत्येकी तीन मिनिटं, आणि सगळ्यांत शेवटी पाहुणे. पाहुणे उशिरा आले तर त्यांना भाषण तेवढं मिळतं, सत्कार कोणाचाच अडत नाही. पाहुण्यांचं स्वागत फुलाने किंवा पुस्तकाने, आणि बाकी कोणाचंही नाही.

मनोगताची भीती अनेकांना वाटते. मोर्चात घसा फोडून बोलणारी बाई माईकपुढे गप्प होते. तिला खुर्चीवर बसवा, शेजारी तिच्या ओळखीचं कोणीतरी, आणि गप्पांसारखे चार प्रश्न. बोलीतच बोलू द्या. सूत्रसंचालकाने त्याचं प्रमाण मराठीत भाषांतर करत बसू नये, आणि प्रत्येक वाक्यानंतर चारोळी म्हणू नये.

मानपत्र मुलीकडून किंवा वाडीतल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. दोन दिवस आधी तालीम करा.

भेट काय द्यावी? मानचिन्हं पुरे झाली. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये फी, कागदांच्या प्रतींना पानामागे दोन रुपये, त्यात झेरॉक्स, पोस्ट, एसटी. सगळा खर्च कार्यकर्त्याच्या खिशातून जातो. आम्ही एकदा तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे सत्कारमूर्तीच्या नावाने वर्षभराचं खातं आगाऊ भरून ठेवलं. मानचिन्हाइतकाच खर्च आला. पुढच्या वर्षी ते म्हणाले, "एवढं वापरलं, उरलेलं त्या पलीकडच्या वाडीतल्या पोराच्या नावावर करा, तो आता धावपळ करतोय." लोखंडी फाइल-पेटी, वकिलाच्या फीसाठी हातभार, वाडीतल्या अभ्यासिकेला पुस्तकं, हेही चालतं. शाल नाकारणाऱ्या माणसासाठी मघाशी म्हटलेला मार्ग हाच. सत्कार नका घेऊ, पण कामाचा खर्च गावाला उचलू द्या.

मरणोत्तर असेल तर

घरच्यांशी बोलताना भावंडांमध्ये, सून-मुलीत एकमत आहे का ते बघा. मानपत्र कोण स्वीकारणार यावरून भर मांडवात भांडण झालेलं ठाऊक आहे. रस्त्याला, वाचनालयाला नाव द्यायचं असेल तर विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आधी यायला हवा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी खरोखर बसलेली असू द्या, नंतर घरोघर सह्या फिरवू नका. पुतळ्याचा घाट घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वेगळ्या शासकीय परवानग्या लागतात, आणि पुतळ्याची देखभाल सोडून गाव बाकी सगळ्यावर भांडतो.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत त्यांनी काढलेल्या मोर्चात सात बाया होत्या, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या सात जणी कोण, हे विचारलं की सभा शांत होते. मरणोत्तर सत्कारात त्या माणसासोबत जे चालले आणि हयात आहेत, त्यांना त्या खुर्चीवर बसवा.

नंतरचं

मंडळं मांडव उतरवून मोकळी होतात. तुमच्याजवळ आता तपासलेली माहिती, कागदांचे फोटो, ध्वनिमुद्रण आणि साधं मानपत्र आहे, त्याचा उपयोग करा. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात अर्जाचा नमुना विचारा. पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. त्यात कामाचं वर्णन कमाल ८०० शब्दांत द्यायचं असतं. तुमचं मानपत्र खरं लिहिलेलं असेल तर त्यालाच पाय फुटतात. मुदत दरवर्षी बघावी, ती बदलते. मरणोत्तर पद्म सहसा देत नाहीत, म्हणून माणूस हयात असताना हात हलवा. आणि हे करतानाही त्यांना विचारूनच.

फोटो व्हॉट्सॲपवर फिरून आठ दिवसांत हरवतात. निवडक दहा छापून घ्या, मागे पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेतल्या बायांचीही. एक संच वाचनालयात, एक त्यांच्या घरी.

तो संच पोस्टाने पाठवू नका, घेऊन जा. त्या कातकरी ताईकडे मी पुन्हा गेलो तेव्हा नव्याने लिहिलेलं मानपत्र बरोबर नेलं होतं. तिने शेजारणीला हाक मारली, दोघी ओट्यावर बसल्या, आणि मी वाचत असताना ती मध्येच म्हणाली, "थांब, त्या वेळेला ही पण होती. हिचं नाव घाल."

पेन होतंच खिशात.